लेबलावरचे देश

नेरूळला माझे शेजारी मूळ सारसोळ्याचे. त्यांचा मेहुणा बोटीवर होता. तो आणेल त्या देशाची व्हिस्की हे लोणच्याच्या बरणीत एकत्र करत, बाटलीत भरत आणि लेबल हाताने लिहीत. ज्या देशाची जास्त, त्याचं नाव आधी: स्कॉटलंड, जपान, कॅनडा.

"लेबल खोटं नको," ते गंभीरपणे सांगत. "पिनाऱ्याला कललं पायजे, तो कुठं कुठं जाऊन आला."

मला हे सगळं सोंग वाटे. ते लग्नासाठी चार दिवस उरणला गेले, तेव्हा घराची किल्ली माझ्याकडे होती. मी कुंड्यांना पाणी घातलं, तीन पेग घेतले आणि बाटली कोऱ्या चहाने पूर्ववत भरली.

रविवारी त्यांनी ऑफिसच्या साहेबांना जेवायला बोलावलं. मलाही. पहिल्या घोटालाच ते थांबले आणि त्यांनी डोळे मिटले. मी चिवड्याच्या बशीकडे बघत राहिलो.

"काय झालं हो?" साहेबांनी विचारलं.

"काय नाय साहेब. लेबल चुकलंय."

त्यांनी खिशातलं पेन काढलं, आणि जपान व कॅनडाच्या मधे, बारीक अक्षरात, 'आसाम' लिहिलं.

क्रमसुद्धा बरोबर होता.