बसू, आमचा बेसवाला

बसवराज गेला.
आमच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवायचा, आणि बेसच्याच आवाजाला सगळ्यात जास्त भ्यायचा.

काल दुपारी लातूरला, आपल्या भांड्यांच्या दुकानात, गिऱ्हाइकाला कुकर दाखवता दाखवता खाली बसला. ब्रेन हॅमरेज. हॉस्पिटलला नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

इथं बऱ्याच जणांना माहीत नसेल. दोन हजार पाचच्या आसपास, नांदेडला इंजिनिअरिंग करताना आमचा बँड होता. मी, म्हणजे वर्षा, गायचे आणि गिटार वाजवायचे, इरफान ड्रम्सवर, बसू बेसवर.

बाहेरच्या इंडी, म्हणजे कंपनीशिवाय स्वतःच गाणी काढणाऱ्या, बँडचा नवा अल्बम निघाला की आम्ही सायबर कॅफेत. एकेक गाणं डाऊनलोड व्हायला तास. कनेक्शन तुटलं की परत पहिल्यापासून. मग सीडी बर्न करून होस्टेलभर वाटायच्या.
ही पोरं आपल्या बेडरूममध्ये रेकॉर्डिंग करतात हे कळल्यावर वाटलं, मग आपण का नाही?

बेस कुणालाच नको होता. बसूनं घेतला.

पहिल्या दिवशी अँप्लिफायर चालू केला, जाड तार छेडली, आणि त्याचा चेहरा पांढराफटक.

"काय झालं रे?"
"जमिनीतून असाच आला होता," तो म्हणाला.

मग सांगितलं. त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांचं घर पडलं तेव्हा तो लहान होता. आधी आवाज आला, मग भिंती आल्या. तो आणि मोठा भाऊ शिवा, दोघं ढिगाऱ्याखाली. अंधारात एकमेकांशी बोलत होते.
मग शिवा बोलायचा थांबला.

"बसू, मग हे कामून वाजवायलास? दुसरं काहीतरी घे."
"वर्षे, याला मला थांबवता येतंय." त्यानं तारांवर तळहात ठेवला. आवाज बंद. "बघ."

अल्बम पुण्याला केला, एका ओळखीच्याच्या छोट्या स्टुडिओत. भिंतींना फोम, जाडजूड दार. दार लावलं की बसूला घाम फुटायचा, श्वास लागायचा. शेवटी दार उघडं टाकून रेकॉर्ड केलं. एका गाण्यात खालच्या भाजीवाल्याची हाळी स्पष्ट ऐकू येते.
अल्बमचं नाव आम्ही 'दार राहू दे' असंच ठेवलं.

रिलीज लातूरला करायचं, हा बसूचा हट्ट. गावाकडची माणसं येतील म्हणाला. आली पण. काका, मावश्या, लेकरंबाळं. त्याची आई पुढच्या रांगेत.
हॉल जुना. वर पत्रे, लांबच लांब खिडक्या, बाहेर पडायला एकच अरुंद दार. भाड्यानं आणलेले मोठे स्पीकर.

दुसऱ्या गाण्यात बेस सुरू झाला.
खिडक्यांच्या काचा थडथडायला लागल्या. वरचा पत्रा थरथरला. पायाखालून काहीतरी सरकत गेल्यासारखं वाटलं.

कुणी किंचाळलं नाही. त्याचीच मला अजून भीती वाटते.
अख्खा हॉल एकदम उठला आणि दाराकडे निघाला. खुर्च्या आडव्या झाल्या. "लेकरं घ्या, लेकरं घ्या," एवढंच कुणीतरी म्हणत होतं. दारात एक बाई पडली. तिच्या अंगावर दुसरी.

माझ्यासमोर माइक होता आणि तोंडातून शब्द निघेना. आता इथं माणसं मरणार, एवढंच डोक्यात.

मी बसूकडे पाहिलं. तो वर पत्र्याकडे बघत होता. बोटं आपोआप वाजवत होती.
मग त्यानं तारांवर तळहात दाबला आणि मला बाजूला सारून माइकशी आला.

"मी बसू हाय. शंकरअप्पाचा. आवाज माझा हाय, जमिनीचा न्हाई."

कुणी ऐकेना.
त्यानं परत तार छेडली. काचा वाजल्या. तळहात ठेवला. काचा गप्प.
परत छेडली. परत थांबवली.

"बघा, मी वाजवायलोय. बघा, मीच थांबवायलोय."

मागची माणसं वळून बघायला लागली. दारातली रेटारेटी सैल झाली. पडलेल्या दोघींना लोकांनी उचललं. खरचटलं होतं, बाकी धडधाकट होत्या.

बसूची आई खुर्चीतच होती. तोंडात पदराचा बोळा. तो काढून एवढंच म्हणाली, "बस कर बाबा आता."

उरलेली गाणी आम्ही बाहेर मोकळ्या मैदानात म्हटली. एक साधी गिटार, आणि इरफान खुर्चीवर ठेका धरून. माणसं जमिनीवर बसून ऐकत होती. कुणी घरी गेलं नाही.

आवराआवर करताना बसू मला हळूच म्हणाला,
"मला वाटलं खरंच आला. मीच वाजवत होतो, तरी."

दुसरा अल्बम झाला नाही. मी नांदेडला शिकवायला लागले, इरफान हैदराबादला गेला, बसूनं दुकान सांभाळलं. आपल्या भागात अधूनमधून जमिनीतून गूढ आवाज येतात, पेपरात दोन ओळी छापून येतात. तसं झालं की त्याचा फोन ठरलेला. "ऐकू आलं का?" मग पोरीच्या शाळेचं, दुकानाचं, कशाचंही बोलत राहायचा. मी पण ठेवायचे नाही.

आज सकाळी लातूरला पोचले. इरफानही आला होता.
त्यांच्यात, लिंगायतांत, पुरतात, हे मला माहीत होतं. पण खड्डा समोर दिसेपर्यंत मनात आलंच नव्हतं.

त्यांच्या रीतीप्रमाणे त्याला खड्ड्यात बसवलं. कपाळाला विभूती, मांडीवर पोरीनं ठेवलेली फुलं. पहिली माती पडली आणि माझे पाय लटपटायला लागले. थांबा, असं ओरडावंसं वाटत होतं. इरफाननं माझा दंड घट्ट धरला.

त्याची आई शेजारी उभी होती. आता वाकलीय, नीट दिसत नाही. मला चाचपून म्हणाली,
"कापायलीस कामून, बाई? भ्या जित्या माणसाला असतंय. त्याचं फिटलं."

आणि स्वतः खाली वाकून, ओंजळ भरून तिनं माती टाकली.

बसू, माझ्या मित्रा, मनापासून निरोप.