बसल्या दिवसाचा भात

धर्माजी आगरदांड्याच्या वाटेवरच्या एका गोदामात सिमेंटच्या गोणी वाहायचा. गाडी लागली की काम, नाही लागली की घरी. ह्या घरी बसवण्याला ठेकेदार 'विश्रांती' म्हणतो. म्हणू दे. त्याच्या पाठीवर गोण कुठं असते?

धर्माजीचा बापापासून चालत आलेला एक हट्ट होता: घाम नाही त्या दिवशी ताट नाही. गाडीच्या दिवशी तो सकाळीच तांदळाच्या भाकऱ्या नि सुकटाचं कालवण हाणायचा, दुपारी डब्यात भाताचा डोंगर. बसल्या दिवशी मात्र वाटीभर पेज. बायको केसर वालाचं बिरडं रांधून हाक मारायची, तर हा म्हणायचा, "बसून खायला मी काय सावकार हाय?"

तरणा होता तोवर निभलं. पन्नाशी आली तसे पाय लटपटायला लागले. मध्ये बरेच दिवस गाडी नव्हती. लागली त्या दिवशी पोट तट्ट भरून गेला, पण गोण घेऊन गाडीला लावलेल्या फळीवर चढता चढता डोळ्यांपुढं काजवे चमकले. गोण खाली, फुटून सगळीकडे धुरळा.

मुकादम चांगदेव ओरडला नाही. तेच जास्त लागलं.

"धर्माजी, परत पाडलीस तर टोळीत ठेवता येनार न्हाय. तरणी पोरं दारात उभी हायत."

घरी येऊन त्यानं केसरला सांगितलं, "आता गाडी असंल तवा दोन भाकऱ्या जास्ती थाप."

"कामाच्या सकाळी कोंबून काय व्हनार? ढवळ्या आठवतो का तुमचा?"

"त्या बैलाचं काय मधीच?"

"नांगर सुटला त्या दिवशी त्याचा पेंढा बंद करायचात का? उलट कोंडा चारायचात. म्हनायचात, आज बसलाय तर आजच अंग धरंल."

"बैल इकत आनलेला व्हता."

"आनि तुमी फुकटचे."

धर्माजीला राग आला. कुणावर काढावा ते कळेना. बैल मेला तर नुकसान होतं, म्हणून त्याची काळजी. हमाल मेला तर दारातलं दुसरं पोर आत येतं. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, तरी तो स्वतःला त्याच भावात मोजत आला होता.

दुसऱ्या दिवशी गाडी नव्हती. दुपारी केसरनं सवयीनं पेजेची वाटी पुढं केली. त्यानं ती बाजूला सारली, ताट ओढलं.

"वाढ."

तिनं भात वाढला, वर बिरडं. पहिले घास चोरून खातोय असं वाटत होतं. तरी हळूहळू त्यानं ताट पुसून घेतलं, नि तिथंच भिंतीला टेकून डोळे मिटले.

तेवढ्यात चांगदेवाचा फोन आला, उद्या गाडी आहे.

"येतो," धर्माजी म्हणाला. मग डोळे न उघडताच केसरला म्हणाला, "थोडा भात उरलाय का गं?"