एकोणतीस पाचे किती?

आमची कुमुद सहाव्या वर्षी अलौकिक बुद्धीची होती. हा शोध मीच लावला, त्यामुळे तो निस्तरणंही माझ्याच नशिबी आलं.

रोज तिन्हीसांजेला मुलुंडच्या आमच्या चाळीत ती दिव्यापुढे बसे आणि शुभंकरोती, मराठी महिने, नक्षत्रं, मग तिसापर्यंत पाढे, सगळं एका दमात धडाधड म्हणे. (त्या वयात मी पडलेले दातसुद्धा चुकीचे मोजायचो!) हिला पहिलीतून थेट तिसरीत घालायचं, मी ठरवलं. डबल प्रमोशन! तिची परीक्षा घ्यायला हेडमास्तरांना रविवारी सकाळी पोह्यांना बोलावलं.

"आधी तिला एकदा मधलंच काहीतरी विचारून बघा हो," बायको म्हणाली.

"हिऱ्याला काय तपासायचं!" म्हणत मी चाळभर पेढे वाटून मोकळा झालो.

हेडमास्तर आले. पोह्यांचा घास घेत म्हणाले, "हं, बाळ, एकोणतीस पाचे किती?"

कुमुदनं डोळे मिटले, हात जोडले आणि शुभंकरोती सुरू केलं!

"अगं, नुसतं उत्तर सांग!" मी ओरडलो.

"बाबा, मधून नाही ना येत मला!" ती रडवेली झाली आणि पुन्हा पहिल्यापासून लागली.

शुभंकरोती ऐकताच बायकोनं सवयीनं निरांजन लावून आणलं. भर सकाळी! आता देवाचंच चाललंय म्हटल्यावर हेडमास्तरांनाही बशी खाली ठेवून हात जोडावे लागले. भिंतीपलीकडून मालवणचे सावंत ओरडले, "काय ओ, तिनसांज झाली की काय?"

नक्षत्रांपर्यंत पोहे गार झाले. बाराच्या पाढ्याला हेडमास्तरांनी जांभई दिली. सतराच्या पाढ्याला ते चपला शोधू लागले.

"अहो, थांबा ना! एकोणतीस आलंच!" मी दारात आडवा झालो.

"पाठांतर झकास आहे हो. पण यंदा दुसरीतच बसू द्या. आणि नुसतं घोकून घेऊ नका, जरा समजावून शिकवा."

पेढे आठवून माझं डोकंच फिरलं. "समजावून म्हणजे? स्वतः मी शिकवलंय तिला!"

"असं? मग तुम्हीच सांगा. एकोणतीस पाचे?"

मी छाती पुढे काढली, डोळे मिटले... आणि काय सांगू, माझे हात आपोआप जोडले गेले!