न उघडणारा कंटेनर

"आत्या, अप्पा गेले," माझा भाचा महेश फोनवर म्हणाला. मी नांदेडला, स्वयंपाकघरात उभी होते. माझा थोरला भाऊ, उदगीरचा डाळमिलवाला बसवराजअण्णा... शेवटची काही वर्षं तो मान खाली घालूनच चालला, आणि तसाच गेला.

अण्णाची तूरडाळ परदेशी जायची. कस्टमचे साहेब येऊन मिल, गोदाम, कागदपत्रं सगळं तपासून गेले, तेव्हा कुठे त्याला विश्वासू व्यापाऱ्याचं प्रमाणपत्र मिळालं. मग बंदरावर त्याचा माल सहसा कुणी उघडत नसे. त्या दिवशी त्यानं गल्लीभर पेढे वाटले. "सरकार माझ्या शब्दावर भरोसा ठेवून राहिलंय, गंगा!" असं मला फोनवर ओरडून सांगितलं.

पुढच्या दिवाळीला मी माहेरी होते. घाईत माल कमी पडला, म्हणून महेशनं, त्याच्या मुलानं, दुसऱ्या मिलची डाळ न तपासताच आपल्या पोत्यांत भरून पाठवली. मालाच्या कागदांवर अण्णानं सही केली होती, पोती पाहिली नव्हती. मिलच्या मुकादमानं अण्णाला सांगितलं तेव्हा कंटेनर बंदराच्या वाटेला लागला होता.

"अप्पा, आपला कंटेनर कोण उघडतंय?" महेश म्हणाला.

"कुणी उघडत न्हाई, त्याचीच लाज वाटून राहिली मला."

अण्णानं आमच्यासमोरच कस्टमच्या साहेबांना फोन लावला. "साहेब, माझा माल थांबवा. उघडून बघा."

डाळीत कीड निघाली. प्रमाणपत्र स्थगित झालं, परदेशातलं जुनं गिऱ्हाईक तुटलं. मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, कुणी त्याला इमानदार म्हणालं, कुणी येडा. त्याला दोन्ही सोसवेना. मोंढ्याचा रस्ता टाकून तो मागच्या गल्लीनं मिलला जायला लागला. मी समजवायला गेले की म्हणायचा, "सही माझी हाय, गंगा. पोरावर कसं ढकलू?" पुढे फेरतपासणी होऊन प्रमाणपत्र परत मिळालं... त्यानं ते घरात कुणाला दाखवलंसुद्धा नाही.

परवा मिलवर गेले. कंटेनरला सील लावण्याआधी पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळाची डाळ वर काढून बघायची, ही अण्णानं त्या दिवाळीनंतर लावून घेतलेली सवय. फाटकाशी कंटेनर उभा होता, ड्रायव्हर घाई करत होता. महेश बाही वर सारून पोत्यांपाशी गुडघ्यावर बसला होता. मला बघताच त्याची मान खाली गेली. पोत्यातला हात मात्र त्यानं काढला नाही.

"थांब जरा, आत्या," तो म्हणाला, "अजून लई पोती राहिलीत."