आप्पांनी केलेला काढा

सासूबाई गेल्यावर आप्पा, म्हणजे माझे सासरे, गुंजीचं घर बंद करून आमच्याकडे बेळगावला खासबागेत राहायला आले. सगळा जन्म शेतात काढलेला माणूस. आमच्या दोन खोल्यांत ते पाहुण्यासारखे कडेकडेनं वावरायचे. माझ्याशी तर बोलणंच नाही. काही हवं असलं तर माझ्या नवऱ्याकडून सांगायचे. मीही ‘जेवायला वाढलंय’ याच्यापुढं गेले नव्हते.

त्या थंडीत मला जबर सर्दी झाली. नाक असं चोंदलं की घास गिळताना दम लागायचा. नवरा कामासाठी हुबळीला गेलेला. ऑफिसला सुट्टी टाकून मी पडून होते. दुपारी स्वयंपाकघरात भांडी वाजली म्हणून उठले, तर आप्पा लायटर उलटा धरून गॅसपुढं उभे! यांनी कधी साधा चहा केला नव्हता.

“काय पाहिजे, आप्पा?”

“काय न्हाय. पड जा तू. काढा करतोय.” मग खाली बघत म्हणाले, “ती करायची, ते बघत बसायचो की मी.”

ओट्यावर तुळस, आलं, मिरी, गूळ आणि पानओव्याची जाड, लवदार पानं होती. आमच्याकडं पानओवा नव्हता. कुणाच्या दारात न जाणारे आप्पा शेजारच्या कानडी आक्कांकडं जाऊन, सुनेला बरं नाही म्हणून सांगून, दोड्डपत्रे, म्हणजे हाच पानओवा, मागून घेऊन आले होते.

पहिल्याच घोटाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

“लई तिखट झालं काय गं?”

“थोडं झालंय.”

“मिरी जास्त पडली असंल. तिच्या हातचं न्हाय जमायचं मला.”

मी पेला रिकामा केला. मग त्यांनी तव्यावर ओवा भाजला, सासूबाईंच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधला आणि ती गरम पुरचुंडी हुंगायला दिली. बाहेर न जाता उंबऱ्यावरच टेकले. सासूबाई गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांच्याबद्दल बोलू लागले. पोरं आजारी पडली की ती रात्र रात्र कशी जागायची, स्वतःचं दुखणं मात्र कधी सांगायची नाही. मी पुरचुंडी हुंगत ऐकत राहिले.

संध्याकाळी नाक जरा मोकळं झालं. मी उठून चहा टाकला. आप्पा नेहमीसारखे कप घेऊन बाहेर निघाले, तेव्हा म्हटलं, “इथंच बसा की.”

“व्हय,” म्हणाले, आणि बसले.