रोवणीच्या दिवसांतली हजेरी

हे मी आजवर कोणाले सांगितलं नाही — नवऱ्यालेही नाही. तुले सांगून राहिली, कारण आता पोटात राहत नाही.

रायपूरच्या बूढापाऱ्यातून स्कूटीवर मी रोज एका गावात शिकवायले जायची. नहराचं गाव, कालव्याचं पाणी बारमाही. धान पावसाळ्यातही, उन्हाळ्यातही. म्हणजे रोवणी, रोपांची लावणी, दोनदा, कापणी दोनदा — अन् चारही वेळा पोरी शेतात, शाळा रिकामी. सुट्ट्या मात्र रायपूरच्या सोयीच्या. ज्यानं त्या ठरवल्या, त्यानं धान फक्त ताटात पाहिलं असावं. पण मी तरी कोण लागून गेली होती? स्टाफरूममध्ये नाक मुरडायची — या लोकांले शिक्षणाची कदरच नाही. अन् मग रजिस्टर उघडून सगळ्यांची हजेरी लावायची. काहून? हजेरी कमी दिसली की साहेब विचारत, अन् उत्तर द्यायचा मले कंटाळा. बस, एवढंच.

सुकवारो आठवीत होती. रोवणीवरून परत आली की गणितात माझीच चूक काढायची ही पोट्टी. खरं सांगू? मले ती आवडत नव्हती. नखांत चिखल, अन् मले शिकवते?

त्या वर्षी रायपुरात एक शाळा निघाली, राहण्या-जेवणासकट. शेतीपायी ज्यांची शाळा बुडते, फक्त अशाच पोरींसाठी. गावात शाळा आठवीपर्यंतच, म्हणून सुकवारोची आई बांधावरून तशीच ओल्या लुगड्यानं आली. एक कागद पाहिजे होता — पोरगी रोवणीत शाळेत येत नाही, एवढं लिहिलेला. तो दिला असता तर माझं रजिस्टर खोटं ठरलं असतं.

मी काय केलं? रजिस्टर तिच्यापुढे उघडलं. वाचता न येणाऱ्या बाईपुढे. बोट ठेवून दाखवलं — पोरगी तर रोज शाळेत येते.

"फेर मैडम, वो तो मोर संग खेत म रिहिस," ती म्हणाली, पोरगी तर आपल्यासंग शेतात होती म्हणून.

कागद खोटं बोलत नाही, मी म्हटलं. ती पानाकडे पाहत राहिली. मग "हव" म्हणाली अन् गेली. तिले वाटलं असेल, आपलंच काही चुकलं. मी ते वाटू दिलं — अशी नीच बाई मी.

आठवीनंतर सुकवारोची शाळा सुटली; पुढच्या उन्हाळी रोवणीत ती मले रस्त्यावरून दिसली. चिखलातून उठून उभी झाली, हात जोडून "नमस्ते मैडम" म्हणाली. मी स्कूटी थांबवली नाही.

त्याच वर्षी वर्गाच्या पूर्ण हजेरीसाठी माझा सत्कार झाला. शाल मिळाली. चांगली आहे शाल. थंडीत अजून अंगावर घेते.