पाइपातली सावली

मावशीला कशाची भीती वाटत नाही ते विचारा, उत्तर लवकर संपेल. पाल दिसली की किंचाळायची, साहेबाची जीप दिसली की पदर सावरत उभी राहायची. रस्त्याच्या कामावरचे लोक तिची टर उडवायचे. "मावशी, मागे बघ!" म्हटलं की ती टुणकन उडायची आणि मग स्वतःच तोंडाला पदर लावून हसायची.

नवरा लवकर गेला, पोटी मूल नाही. अशाच एका कामावर पाय घसरून तिची कंबर धरली ती कायमची. टोपलं उचलणं बंद झालं. या सरकारी कामांवर बायकांची तान्ही मुलं सांभाळायला एकीला मजुरी मिळते म्हणून बरं, नाहीतर तिला कामावर कोण उभं करणार होतं?

त्या दिवशी आभाळ भरून आलं, तसं मुकादमाने मुलांच्या डोक्यावरची ताडपत्री काढली आणि सिमेंटच्या गोण्यांवर टाकली. "सिमेंट भिजलं तर दगड होतो मावशी. पोरं काय, पुसली की झालं!" बायका हसल्या. मावशीही हसली.

पाऊस कसला येतोय! दुपारी ऊन असं भाजायला लागलं की तिन्ही लेकरं रडून लालबुंद झाली. आसपास झाड म्हणून नाही. ओढ्यावरच्या मोरीसाठी आणलेले सिमेंटचे मोठे पाइप तेवढे काठावर आडवे पडले होते. मावशीने एकात हात घालून पाहिला, आत गार होतं. तिने दुपटं अंथरलं आणि तिघांना आत झोपवलं.

तेवढ्यात मुकादम आला. "मावशी, पाणीवाली आली नाही. कळशी घे."

"अहो, पण मुलं..."

"झोपलीत ना? मग!"

कुठे झोपलीत हे सांगायला तिने तोंड उघडलं आणि मिटलं. तो ओरडेल, काम काढून घेईल, मग खायचं काय? एवढंसं वाक्य, पण मेलं ते गिळून तिने कळशी उचलली.

हातपंपावरून परतताना तिला लांबूनच "हैय्या हो!" ऐकू आलं. जेवण उरकून माणसं पाइप ढकलत होती. उतारावरून गडगडत खाली सोडायचे, असं चाललं होतं. काठावरचा पाइप हलायला लागला. तोच पाइप!

मावशी ओरडायला गेली तर आवाज फुटेना. कंबर धरून लंगडत धावली, पण अंतर काही सरेना. शेवटी तिने हातातली अर्धी भरलेली कळशी जिवाच्या आकांताने दगडांवर आपटली. खणखणाट झाला आणि माणसं वळली.

"पोरं!" तिचा आवाज कसाबसा सुटला. "पाइपात पोरं आहेत!"

कुणीतरी पाइपाखाली दगड सारला. मुकादम गुडघ्यावर बसून आत डोकावला. आत कुणी नव्हतं. दुपटंसुद्धा नव्हतं. मावशीने पुढे येऊन स्वतः आत हात घालून पाहिला. आता कुठे शोधायची, कुणाला तोंड दाखवायचं?

"इकडे आहेत!" खडीच्या ढिगाच्या चतकोर सावलीतून हाक आली. दगडफोड्याची बायको होती. एक लेकरू छातीशी, दोन मांडीवर. "पाजायला आले तर पाइप तापला होता, म्हणून काढून आणली. पण आत झोपवली कुणी?"

सगळे मावशीकडे बघायला लागले. मुकादमाच्या कपाळावर आठ्या चढल्या.

"मी," मावशी म्हणाली. "सावली नव्हती गं. आणि सांगायला घाबरले."

तिकडे शिट्टी वाजली, काम पुन्हा सुरू झालं. दगडफोड्याची बायको उठली आणि छातीशी धरलेलं लेकरू मावशीपुढे धरलं.

मावशी मागे सरकली. "नको गं बाई, माझ्याकडे नको देऊस."

"मग कुणाकडे देऊ?"

मावशीने हात पुढे केले.